मॉडेल विमानाचं इंधन : तेलाची जोड कशी निवडावी

मुठीत मावणारं साडेसहा सीसीचं इंजिन मिनिटाला १२,००० फेरे सहज घेतं. म्हणजे सेकंदाला २००. इंजिन टू-स्ट्रोक असेल तर यातल्या प्रत्येक फेऱ्यात एकदा स्फोट होतो. पिस्टन दर सेकंदाला चारशे वेळा सिलिंडरची भिंत घासत जातो. या इंजिनाला मोटारीसारखं तेलाचं कुंड नसतं, पंप नसतो, गाळणीही नसते. टाकीतून येणाऱ्या इंधनात जे तेल मिसळलेलं असेल तेवढंच त्याच्या वाट्याला येतं. हे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं, बेअरिंगांना आणि कनेक्टिंग रॉडला ओलावतं, मग सिलिंडरमध्ये चढतं. तिथे इंधन जळतं आणि तेल बरंचसं न जळताच धुराड्यातून बाहेर पडतं. जाताना ते थोडी उष्णताही सोबत नेतं. विमानामागे दिसणारा पांढरा धूर म्हणजे हेच तेल.

म्हणूनच नवशिक्याने विचारलेल्या ‘कुठलं इंधन चांगलं?’ या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. त्याऐवजी चार प्रश्न ओळीने विचारावे लागतात. इंजिन पेटतं कशाने? त्या पेटण्याला कोणतं इंधन लागतं? त्या इंधनात कोणतं तेल विरघळतं? आणि इंजिनाची बांधणी पाहता ते तेल किती हवं? हा क्रम उलटवला की इंजिनं मरतात. दुकानात मिळालं म्हणून तेल आणलं आणि मग त्याला इंधन शोधलं, असं इथे चालत नाही.

पेटण्याच्या तीन रीती

मॉडेल विमानांची पहिली यशस्वी इंजिनं ठिणगीवर चालत. १९३० च्या दशकात अमेरिकेत ब्राऊन ज्युनियरसारखी पेट्रोल इंजिनं निघाली. पण स्पार्क प्लगसाठी कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी हे सगळं विमानालाच उचलावं लागे. छोट्या विमानाला हे ओझं फार होतं.

१९४० च्या दशकात युरोपने यातून एक वाट काढली. स्वित्झर्लंडमध्ये आणि पुढे इंग्लंडमध्ये निव्वळ दाबावर पेटणारी छोटी इंजिनं बनू लागली. १९४६ साली आलेलं इंग्लंडचं मिल्स १.३ हे त्यातलं एक नावाजलेलं इंजिन. यांना डिझेल म्हणतात, पण पंपावरचं डिझेल त्यांना चालत नाही, आणि त्यांना इंजेक्टरही नसतो. सिलिंडरच्या माथ्यावरचा स्क्रू पिळून दाब कमीजास्त करायचा, बस्स.

दुसरी वाट अमेरिकेत सापडली. रे आर्डेन यांनी १९४७ साली ग्लो प्लग बाजारात आणला. या प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरू करताना ती दीड व्होल्टच्या सेलने तापवतात. इंजिन चालू झालं की सेल काढून घेतात, तरी तार लाल राहते. इंधनातल्या मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला स्पर्शली की तिथे रासायनिक क्रिया होऊन उष्णता निर्माण होते, आणि मागच्या स्फोटाची ऊबही तारेत उरलेली असते. या दोहोंच्या जोरावर पुढचा स्फोट होतो. ग्लो इंजिनात पेट्रोल का चालत नाही, याचं उत्तर इथेच आहे. प्लॅटिनमवर मिथेनॉलची जशी क्रिया होते तशी पेट्रोलची होत नाही. प्लग विझतो.

मिथेनॉल आणि नायट्रो

एक किलो मिथेनॉल जाळलं तर पेट्रोलच्या निम्म्याहून कमी उष्णता मिळते. तरी शर्यतीची इंजिनं मिथेनॉल पितात, कारण इंजिनाची ताकद ते किती हवा ओढतं यावर ठरते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, तर मिथेनॉलला साधारण साडेसहा किलोच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत दुपटीहून जास्त मिथेनॉल जाळता येतं आणि एकूण उष्णतेचा हिशेब पेट्रोलच्या किंचित पुढे जातो. शिवाय मिथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषून घेतं. त्यामुळे आत येणारी हवा थंड आणि दाट होते, इंजिनही तापत नाही. अर्थात इंधन भराभरा संपतं. पाव लिटरची टाकी दहा-पंधरा मिनिटांत रिकामी होते.

नायट्रोमिथेन हाच हिशेब पुढे नेतं. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे एका किलोला फक्त १.७ किलो हवा पुरते. तेवढ्याच हवेतून पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता निघते. पण रोजच्या उडवण्यात नायट्रोचा खरा फायदा वेगळाच आहे. पाच ते दहा टक्के नायट्रो असलं की इंजिन मंद गतीत स्थिर राहतं, थ्रॉटल उघडताच अडखळत नाही, आणि इंधनाचं प्रमाण ठरवणारी नीडल थोडी इकडेतिकडे असली तरी सांभाळून घेतं. रेडिओवर चालणाऱ्या विमानाला मंद गती लागतेच, म्हणून तिथे ते फायद्याचं. दोरीवर गोल फिरणारी कंट्रोल लाइन विमानं मात्र बहुधा एकाच गतीने उडतात. त्यांना नायट्रोशिवायही छान चालतं. कॉक्सच्या ०.८ सीसीसारख्या चिमुकल्या इंजिनांना मात्र १५ ते ३० टक्के नायट्रो हवंच, कारण एवढ्या लहान सिलिंडरमध्ये उष्णता टिकत नाही.

जास्त नायट्रो म्हणजे जास्त चांगलं, असा समज सर्रास आढळतो. तो सोडून द्यावा. नायट्रो वाढवलं की ज्वलन लवकर सुरू होतं. मग दाब कमी करायला सिलिंडरच्या माथ्याखाली पातळ चकती घालावी लागते. ते केलं नाही तर इंजिन कडकड वाजतं आणि प्लगची तार तुटते. नायट्रोच्या ज्वलनातून आम्लं तयार होतात, ती बेअरिंगला गंज आणतात. ते महाग आहे आणि मिळणंही अवघड. स्फोटकं बनवण्यात त्याचा गैरवापर होऊ शकतो म्हणून युरोपीय संघाने २०२१ पासून सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण विकायला बंदी घातली आहे. आणि नायट्रोशिवाय वेग येत नाही असंही नाही. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या अडीच सीसी वेगस्पर्धेत सगळ्यांना एकच इंधन दिलं जातं : ८० टक्के मिथेनॉल, २० टक्के एरंडेल. त्यावर ही विमानं ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातात.

एरंडेलाची करामत

पोट साफ करायला घरोघरी दिलं जाणारं एरंडेल शर्यतीच्या इंजिनात काय करतं? याचं कारण त्याच्या रसायनात आहे. एरंडेलाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या लांब साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, आणि तो इतर खाद्यतेलांमध्ये आढळत नाही. त्याच्यामुळे दोन गोष्टी घडतात. एक, एरंडेल अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळतं. शेंगदाणा तेल किंवा मोटारीचं खनिज तेल मिथेनॉलमध्ये टाकलं तर ते वेगळं राहतं. दोन, त्याचे रेणू धातूला घट्ट चिकटून बसतात.

हे गुण विमानविद्येला जुनेच ठाऊक आहेत. पहिल्या महायुद्धातल्या नोम आणि ल रोन या फिरत्या इंजिनांत तेल एकदाच वापरलं जाई आणि बाहेर फेकलं जाई. आत येणारं पेट्रोल तेलाला धुऊन नेऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये सहज न विरघळणारं एरंडेल वापरलं गेलं. उघड्या विमानात बसलेले वैमानिक ते नाकातोंडावाटे घेत, आणि त्याचा पोटावर व्हायचा तो परिणाम होई. कॅस्ट्रॉल या तेलाचं नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलं. जगातलं बहुतेक एरंडेल आज भारतात, आणि त्यातही मुख्यतः गुजरातेत निघतं. मॉडेल इंजिनाच्या सर्वांत विश्वासू तेलाचं माहेर आपल्या शेजारीच आहे.

पण त्याचा सर्वांत मोलाचा गुण संकटाच्या वेळी कळतो. उडता उडता इंधन कमी पडलं, इंजिन लीन झालं की तापमान भराभर चढतं. अशा वेळी बहुतेक तेलं वाफ होऊन निघून जातात किंवा जळतात आणि धातूवर धातू घासू लागतो. एरंडेल तापलं की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि अधिक दाट, चिवट थर बनतो. त्याच बळावर इंजिन ते काही क्षण तरून जातं.

याची किंमतही मोजावी लागते. हाच चिवट थर पुढे तपकिरी रोगणासारखा पिस्टनवर आणि सिलिंडरवर बसतो, रिंगा जाम करतो. इंजिन महिनोन्महिने पडून राहिलं तर आतलं एरंडेल डिंकासारखं घट्ट होतं.

म्हणून संश्लेषित तेलं आली. यातली बरीचशी पॉलिअल्किलीन ग्लायकोल जातीची असतात. ती मिथेनॉलमध्ये विरघळतात, पातळ असतात, स्वच्छ जळतात आणि मागे किट्ट सोडत नाहीत. नीडल नीट लावलेली असेल तर ती उत्तम काम देतात. मात्र इंजिन लीन झालं की ती एरंडेलासारखी तग धरत नाहीत, आणि हवेतला ओलावाही ओढून घेतात. गंजापासून ती एरंडेलाइतकं रक्षण करत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे : रोजच्या उडवण्यासाठी दोन्हींचं मिश्रण घ्यावं. एकूण तेलाच्या पाचव्या भागाएवढं, जमल्यास त्याहून थोडं जास्त एरंडेल आणि उरलेलं संश्लेषित. एवढ्या एरंडेलाने किट्ट फारसं साचत नाही आणि चुकीच्या क्षणी आधार मिळतो.

किती तेल?

इथे इंजिनाची बांधणी बोलते. जुन्या इंजिनांत लोखंडी पिस्टन पोलादी सिलिंडरमध्ये घासून बसवलेला असतो आणि क्रँकशाफ्ट साध्या बुशमध्ये फिरतो. अशांना २५ टक्क्यांच्या आसपास तेल द्यावं आणि त्यात निदान अर्धं एरंडेल असावं. नव्या एबीसी इंजिनांत ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळी बाही आणि तिच्यावर क्रोमचा मुलामा असतो. बाही वर निमुळती असल्याने थंड असताना पिस्टन माथ्याशी अडकल्यासारखा वाटतो. तापल्यावर बाही पिस्टनपेक्षा जास्त फुगते आणि जागा बरोबर होते. बॉल बेअरिंगच्या अशा इंजिनांना १८ ते २० टक्के तेल पुरतं. फोर-स्ट्रोक ग्लो इंजिनांनाही वेगळी तेलाची टाकी नसते. पिस्टनच्या कडेने खाली झिरपणाऱ्या तेलावरच त्यांचं पोट चालतं. त्यांना बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणाखाली कधीही जाऊ नये. नव्या इंजिनाची पहिली काही उड्डाणं थोड्या जास्त तेलावर आणि रिच, म्हणजे इंधन जास्त असलेल्या मिश्रणावर करावीत.

टक्के वाचताना एक खबरदारी घ्यावी. काही उत्पादक ते आकारमानाने सांगतात, काही वजनाने. एरंडेल मिथेनॉलपेक्षा जड आहे. वजनाने २० टक्के म्हणजे आकारमानाने जेमतेम १७. बाटलीवर नीट पाहिलं नाही तर नकळत तेल कमी पडतं. इंधनाच्या लाल-हिरव्या रंगावरून मात्र काहीच ठरवू नये, कारण तो रंग निव्वळ मिसळलेला असतो.

तेल कमी केलं की इंजिन थोडं जोरात फिरतं, हे खरं आहे. पण त्या थोड्या वेगासाठी बेअरिंग आणि पिस्टन पणाला लागतात. तेलाचा खर्च लिटरमागे काही रुपयांचा आणि इंजिनाचा हजारोंचा. तेलात काटकसर करू नये.

पेट्रोल आणि डिझेल

वीस सीसीच्या पुढची मोठी विमानं आज पेट्रोलवर उडतात. इथे तेलाचं प्रमाण एकदम खाली येतं. ३० ते ५० भाग पेट्रोलला एक भाग तेल, म्हणजे लिटरला २० ते ३३ मिलिलिटर. ग्लो इंजिनाला याच्या सहापट आणि त्याहूनही जास्त लागतं. हा फरक बांधणीतला आहे : या इंजिनांच्या कनेक्टिंग रॉडला दोन्ही टोकांना सुईसारख्या रोलरची बेअरिंग असतात, पिस्टनला रिंग असते, आणि फेरेही कमी असतात. इथे एरंडेल नको, ते पेट्रोलमध्ये नीट मिसळून राहत नाही. हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचं, जासो एफडी दर्जाचं तेल घ्यावं. होडीच्या इंजिनाचं तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, ते इथे वापरू नये.

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, याचा विचार केलाच पाहिजे. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे इंजिनाला तेलाविना द्रव मिळतो. म्हणून पेट्रोलचं मिश्रण थोडं थोडं करावं, ताजं वापरावं, आणि पावसाळ्यात अर्ध्या कॅनमध्ये साठवून ठेवू नये. नळीही वेगळी लागते. मिथेनॉलला सिलिकॉनची नळी उत्तम, पण पेट्रोलने आणि डिझेलच्या मिश्रणाने ती फुगते.

डिझेल इंजिनाचं जुनं सूत्र सोपं आहे : इथर, रॉकेल आणि एरंडेल, प्रत्येकी एक तृतीयांश. तिघांचीही कामं ठरलेली आहेत. इथर फार कमी तापमानाला आपोआप पेटतं, त्यामुळे ते ज्वलन सुरू करतं. खरी ताकद रॉकेल देतं. एरंडेल वंगण पुरवतं. एरंडेल रॉकेलमध्ये धड विरघळत नाही, पण इथर दोघांनाही सामावून घेतं. इथर उडून गेलं की मिश्रण गढूळ होतं आणि इंजिन सुरू होत नाही. एक-दोन टक्के ज्वलनवर्धक नायट्रेट घातलं की इंजिन जास्त मऊ चालतं. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत दूरवर पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. हे मिश्रण उघड्यावरच करावं आणि बाटलीचं बूच लगेच लावावं.

घरी मिसळताना

ग्लो इंधन घरी करणं अवघड नाही. एका लिटरसाठी ७०० मिलिलिटर मिथेनॉल, १०० नायट्रो आणि २०० तेल. नायट्रो नसेल तर ८०० मिथेनॉल. एरंडेल आधी थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवून मग उरलेलं घालावं. आपल्या गावांत भाजलेल्या बिया कुटून, पाण्यात उकळून काढलेलं एरंडेल औषधी म्हणून चांगलं असलं तरी त्यात ओलावा आणि चिकट घटक उरतात. इंजिनासाठी थंड दाबून काढलेलं, गाळलेलं, पहिल्या धारेचं किंवा औषधी दर्जाचं शुद्ध तेल घ्यावं. केसांना लावायचं सुगंधी तेल घेऊ नये. काचेच्या बाटलीत थोड्या मिथेनॉलमध्ये ते मिसळून रात्रभर ठेवावं. मिश्रण गढूळ झालं किंवा तळाशी थर बसला तर तेलात भेसळ किंवा पाणी आहे, ते सोडून द्यावं.

मिथेनॉलबाबत मात्र अतिशय गांभीर्याने वागावं. ते विष आहे. काही चमचे पोटात गेले तर दृष्टी जाते, त्याहून थोडं जास्त गेलं तर जीव जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणूनच त्याच्या विक्रीवर सरकारी नियंत्रण आहे आणि ते परवानाधारकाकडून रीतसरच घ्यावं. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही ठेवू नये. बाटलीवर ‘विष’ असं मोठ्या अक्षरात लिहावं आणि ती कुलपात ठेवावी. त्वचेतूनही ते अंगात जातं, म्हणून हातमोजे घालावेत. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंजिनाजवळ अचानक ऊब जाणवली, काही वितळताना दिसलं तर आग लागली आहे असं धरूनच चालावं. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे भरपूर पाण्याने ही आग आटोक्यात येते. मैदानावर पाण्याची बादली हाताशी असावी.

मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून कॅन काठोकाठ भरलेला आणि घट्ट बंद असावा. उडवणं संपलं की टाकीतलं इंधन काढून घ्यावं, नळी दाबून इंजिन कोरडं होईपर्यंत चालवावं आणि आत गंजरोधक पातळ तेलाचे चार थेंब टाकून पंखा हाताने फिरवावा. कोकणाच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत हे एकदा जरी टाळलं तरी बेअरिंग खरखरू लागतात.

जुनी इंजिनं फेकू नका

एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग केलेल्या अनेकांच्या कपाटात एखादं जुनं इंजिन पडलेलं असेल, बहुधा कोलकात्यात बनलेलं ऑरोरा डिझेल. ते फिरत नाही म्हणून जाम झालं असं समजू नका. बहुतेक वेळा आत सुकलेल्या एरंडेलानेच ते धरून ठेवलेलं असतं. पक्कड लावून जोर करू नका. उघड्या हवेत झाकणाच्या भांड्यात एक-दोन दिवस मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवा, आणि ते पूर्ण सुकल्यावर गरम हवेचा हलका झोत द्या. तेल मऊ होतं आणि शाफ्ट फिरू लागतो. मग ते डिझेल आहे की ग्लो हे ओळखा : माथ्यावर दाबाचा स्क्रू असेल तर डिझेल, तारेचा प्लग असेल तर ग्लो. त्यानुसार इंधन निवडा, त्यात विरघळणारं तेल निवडा आणि लोखंडी पिस्टनला शोभेल इतकं भरपूर घाला. विजेच्या मोटारींनी आज हा छंद सोपा केला आहे, तरी नीट खायला घातलेलं पन्नास वर्षांचं इंजिन अजूनही विमान उचलतं. त्यासाठी लागणारं ज्ञान अवघड नाही, आणि ते पुढच्या मुलांना शिकवण्यासारखं आहे.